घराच्या नकाशातील खुणा : तक्ता पाठ, नकाशा अपरिचित

इमारतींच्या नकाशांसाठी असलेल्या ‘आय. एस. ९६२’ या भारतीय मानकाची दुसरी सुधारणा १९८९ साली झाली. भिंत, दार, खिडकी, वीट, काँक्रीट यांच्या खुणा सर्वत्र एकसारख्या असाव्यात, हा अशा मानकाचा हेतू. आरेखकाला तेवढे पुरते. परंतु वर्गात असा तक्ता फळ्यावर उतरवून पाठ करून घेण्याची रीत आम्हाला मान्य नाही.

दाराची खूण घ्या. भिंतीत मोकळी जागा, एक रेघ आणि पाव वर्तुळाचा कंस. तक्त्यात त्यासमोर केवळ ‘दार’ असे लिहिलेले असते. वस्तुतः तो कंस म्हणजे झडपेची कड जमिनीवर ज्या मार्गाने फिरते तो मार्ग होय. बिजागरी कोणत्या बाजूस, दार आत उघडते की बाहेर, ते किती जागा अडवते, हे सारे त्यात आहे. २.५ फुटी झडप सुमारे ५ चौरस फूट जागा व्यापते. ४ × ५ फुटांच्या न्हाणीघरात ही पाव जागा झाली! वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी याहून चांगले उदाहरण कोणते?

तीच गोष्ट रेषांची. तळनकाशा म्हणजे जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीवर घर आडवे कापले, असे मानून वरून पाहिलेले चित्र. कापलेली भिंत जाड रेषेने, खालची पायरी बारीक रेषेने आणि डोक्यावरची तुळई किंवा पोटमाळा तुटक रेषेने दाखवतात. ही एक कल्पना समजली, की बऱ्याच खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

तेल्हाऱ्यासारख्या गावी याचे महत्त्व अधिक. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया किती खोल हा कळीचा प्रश्न. तळनकाशात ती खोली दिसत नाही. त्यासाठी उभे छेदचित्र पाहावे लागते. उत्तरेचा बाण दुर्लक्षिला, तर मोठी खिडकी वऱ्हाडातील मे महिन्याच्या पश्चिमेच्या उन्हासमोर येते. भिंती उभ्या राहिल्यावर हे कळून काय उपयोग? आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्याला आपल्याच घराचा नकाशा मिस्त्रीकडून वाचून घ्यावा लागावा, ही शिक्षणातील उणीव आहे.

शिक्षकांनी आपल्या वर्गखोलीचाच नकाशा १:५० प्रमाणात काढून घ्यावा. ६ मीटरची भिंत कागदावर १२ सेंटिमीटर येईल. खिडकीच्या उंचीवर भिंतीलगत दोरी फिरवावी. दोरीच्या पातळीत काय कापले जाते, खाली काय राहते, वर काय राहते, याची मुलांनीच नोंद करावी आणि खुणाही त्यांनीच ठरवाव्यात. मानकाचा तक्ता त्यानंतर दाखवावा.