मावळची थाळी आणि पोषणनोंदीची अ‍ॅप्स : एक चिकित्सक परामर्श

प्रास्ताविक

मावळ तालुक्याचा आहार तेथील पावसाने आणि डोंगरउताराने ठरविलेला आहे. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांतील खाचरांत भात, वरकस उतारावर नाचणी व वरी, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली यांसारख्या रानभाज्या, ओढ्यातले खेकडे आणि हुलग्याचे पिठले ही या थाळीची ढोबळ रूपरेषा होय. लोणावळ्याची चिक्की तिला जोडून येते. मधुमेह, स्थौल्य वा रक्तक्षय यांच्या निमित्ताने रोजचा आहार लिहून ठेवण्याचा सल्ला आता महानगरांपुरता मर्यादित राहिलेला नाही, आणि त्यासाठी मोबाईलमधील पोषणनोंदीच्या अ‍ॅप्सचा वापर वाढला आहे. ही अ‍ॅप्स मावळच्या थाळीला कितपत न्याय देतात आणि त्यांतून निवड कोणत्या निकषांवर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंकांमागील तालिका

कोणतेही अ‍ॅप स्वतः अन्न मोजत नाही. ते एखाद्या अन्नघटक तालिकेतील अंक वाचकापुढे ठेवते. त्यामुळे अ‍ॅपची चिकित्सा ही मुळात त्यामागील तालिकेची चिकित्सा ठरते. भारतात अशा तालिकांना दीर्घ परंपरा आहे. कुन्नूर येथील प्रयोगशाळेतून डब्ल्यू. आर. आयक्रॉईड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. १९७१ मध्ये सी. गोपालन व सहकाऱ्यांचा ग्रंथ आला. २०१७ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थांची नवी तालिका सिद्ध केली.

ही तालिका प्रामुख्याने कच्च्या पदार्थांची आहे. तिच्यात भाकरी, पिठले वा कालवण यांच्या नोंदी मिळत नाहीत. तांदळाच्या बाबतीत ती सडीचा, उकडा आणि सडलेला असे प्रकार करते, वाणांची नावे देत नाही. परिणामी वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला इंद्रायणी आणि अन्य कोणताही पांढरा तांदूळ तिथे एकाच ओळीत बसतात. वरीची अडचण नावाची आहे. या तालिकेत ती ‘समई’ या दक्षिणी नावाने येते, तर मावळात तिला वरी वा वरई म्हणतात आणि दुकानात भगर म्हणून मागतात. भगर या नावाखाली नेहमी एकच धान्य मिळते असेही नाही. नावच जुळले नाही तर शोधणारा हाती येईल ती जवळची नोंद निवडतो. अ‍ॅपच्या वापरातील बहुतेक चुकांचा उगम इथे आहे.

एका भाकरीचे उदाहरण

चूक किती मोठी असू शकते हे नाचणीच्या भाकरीवरून स्पष्ट होते. सुमारे ७० ग्रॅम पिठाची एक भाकरी गृहीत धरल्यास २०१७ च्या तालिकेनुसार तिच्यातून साधारण २२५ किलोकॅलरी ऊर्जा आणि सुमारे २५५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. ३० ग्रॅम कणकेच्या फुलक्यात ऊर्जा सुमारे ९६ किलोकॅलरी व कॅल्शियम जेमतेम ९ मिलिग्रॅम असते. नाचणीची भाकरी न सापडल्यामुळे एखाद्या गृहिणीने ‘एक रोटी’ अशी नोंद केली, तर तिची ऊर्जा निम्म्याहून कमी आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य दिसेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. दिवसाला दोन भाकऱ्या खाणारी स्त्री या शिफारशीचा अर्धा भाग भाकरीतूनच गाठते. पडद्यावर मात्र तिच्या आहारात कॅल्शियम नाही असे दिसते, आणि मग गोळ्या, पूरक भुकट्या किंवा पाकिटबंद ‘पोषक’ न्याहारी यांकडे तिचे लक्ष वळते.

पाकिटावर बारकोड असतो. तो दाखविला की नोंद आपोआप होते. भाकरीला बारकोड नाही. नोंद सोपी व्हावी म्हणून नोंदीला सोयीचे अन्न खाण्याकडे कल झुकू लागला, तर आहार सुधारण्यासाठी घेतलेले साधन आहारच पालटून टाकेल. मावळच्या संदर्भात हा धोका अधिक गंभीर आहे, कारण वरकस जमिनीवरची नाचणी व वरी ही पिके आधीच मागे पडत आली आहेत.

अर्थात तालिकेतील अंकालाही मर्यादा आहेत. नाचणीतील फायटेटमुळे तिच्यातील सर्व कॅल्शियम शरीरात शोषले जात नाही. २५५ हा आकडा ताटातला आहे, शरीरात मुरलेला नव्हे. तथापि दोन अन्नपदार्थांची तुलना करताना २५५ आणि ९ यांतील अंतर दुर्लक्षिण्याजोगे ठरत नाही.

भात, चिक्की आणि खेकडा

भाताच्या बाबतीत गोंधळ वजनाचा असतो. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५६ किलोकॅलरी असतात, पण शिजताना तो पाणी शोषून अडीच ते तीन पट होतो. शिजलेल्या १५० ग्रॅम भाताची नोंद ‘तांदूळ १५० ग्रॅम’ अशी झाली की ऊर्जा जवळपास तिप्पट दिसते. चिक्कीच्या बाबतीत परदेशी तालिका वेगळाच पदार्थ सुचविते. अमेरिकी ‘पीनट ब्रिटल’मध्ये साखर, मक्याचा पाक व लोणी असते. गूळ व शेंगदाणे समप्रमाणात धरल्यास चिक्कीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४४० किलोकॅलरी येतात. खेकड्याच्या नोंदी बहुधा समुद्री खेकड्यांच्या असतात. शिवाय मावळात लहान खेकड्यांच्या नांग्या कुटून, गाळून रस्सा करतात. तेव्हा ‘खाण्याजोगा भाग’ या तालिकेतील संकल्पनेचाच अर्थ बदलतो.

उपलब्ध अ‍ॅप्सचा परामर्श

‘मायफिटनेसपाल’ हे २००५ पासूनचे अ‍ॅप असून त्याचा नोंदसंग्रह प्रचंड आहे. तथापि त्यातील अनेक नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असल्याने एकाच पदार्थाचे परस्परविसंगत अंक आढळतात. २०१८ मध्ये त्याच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीस गेली होती. आरोग्यविषयक माहिती कोणाच्या हाती द्यावी याचा विचार करताना ही घटना विसरता येत नाही. ‘हेल्दीफायमी’ हे २०१२ मध्ये बंगळुरू येथे सुरू झालेले अ‍ॅप भारतीय पदार्थ व वाटीसारखी घरगुती मापे विचारात घेते. ऊर्जेचा ढोबळ अंदाज हवा असणाऱ्यास ते उपयुक्त ठरते. मात्र तयार पदार्थाची नोंद कोणत्या पाककृतीवरून बेतली आहे हे जाणल्याशिवाय ती स्वीकारू नये. ‘क्रोनोमीटर’ अमेरिकी तालिकांवर बराच अवलंबून असला तरी प्रत्येक नोंदीचा स्रोत दाखवितो, सूक्ष्म पोषकद्रव्ये मोजतो आणि स्वतःची नोंद तयार करण्याची मुभा देतो. राष्ट्रीय पोषण संस्थेचे ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ भारतीय तालिकेवर आधारलेले असल्याने संदर्भासाठी सर्वाधिक विश्वसनीय आहे.

निवडीचे निकष

वरील विवेचनावरून चार निकष हाती येतात. नोंदीचा स्रोत दाखविला जातो काय. कच्चे व शिजलेले वजन वेगळे नोंदविता येते काय. घरची पाककृती कच्च्या घटकांच्या वजनाने साठविता येते काय. आणि खाते बंद करून माहिती पुसून टाकता येते काय. यांपैकी तिसरा निकष मावळच्या थाळीसाठी निर्णायक आहे. भाकरीचे पीठ एकदा तोलून भारतीय तालिकेतील अंकांसह ‘नाचणीची भाकरी’ अशी नोंद साठविली की पुढे रोज तोलावे लागत नाही. नोंदसंग्रह किती लाखांचा आहे, ही जाहिरातीतील बाब या कामी गौण ठरते. छायाचित्रावरून पदार्थ ओळखण्याच्या नव्या सोयीलाही हीच कसोटी लावावी. काळपट भाकरी नाचणीची की बाजरीची, हे छायाचित्रावरून खात्रीने सांगता येत नाही.

समारोप

लोणावळ्याला शरीरव्यापार मोजण्याची परंपरा नवी नाही. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून योगक्रियांवरील प्रयोग, मोजण्याच्या पद्धतीसह, प्रसिद्ध केले. पोषणनोंदीच्या अ‍ॅप्सकडूनही तेवढ्याच पारदर्शकतेची अपेक्षा करणे रास्त आहे. ती पूर्ण होईपर्यंत एक काम परिसरातील महाविद्यालयांना करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील पंचवीस-तीस पदार्थांचे कच्चे घटक तोलून, त्यांची स्थानिक नावे नोंदवून एक छोटी तालिका तयार केल्यास ती कोणत्याही अ‍ॅपमध्ये भरता येईल. त्यासाठी स्वयंपाकघरातला तराजू, २०१७ ची तालिका आणि घरातील स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान एवढेच साहित्य पुरेसे आहे.