श्रीनीसाठी वाजलेलं

'शक्ती' या संगीतसमूहाचा २०२३ सालचा 'धिस मोमेंट' हा अल्बम सुरू होतो तो 'श्रीनीज ड्रीम' या रचनेनं. हे श्रीनी म्हणजे पूर्वी 'शक्ती'त वाजवणारे मँडोलिनवादक यू. श्रीनिवास. पाश्चात्त्य मँडोलिनच्या जोडतारा काढून त्यांनी पाच सुट्या तारा लावल्या आणि त्यावर कर्नाटक संगीताची गमकं उमटवली. १९ सप्टेंबर २०१४ रोजी चेन्नईत ते गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

कर्नाटकातल्या कडकोळला नोकरीनिमित्त आलेल्या आम्हा मराठी मंडळींचे कान इथे येऊन कर्नाटक संगीताला सरावले. त्यामुळे ही रचना आम्हाला अधिकच आपली वाटते. तिच्यात रडगाणं नाही. लय धावते, तानांमागून ताना येतात, सवालजवाब रंगतात. सर्वांत मोठी गोष्ट मला वाटते ती ही, की नव्या संचात श्रीनिवासांच्या जागी दुसरा मँडोलिनवादक बसवलेला नाही. गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन आहे, सेल्वगणेश यांचा खंजिरा आहे, पण मँडोलिनची जागा मोकळीच आहे. मित्राबद्दलचा एवढा आदर मी क्वचितच ऐकला आहे.

'शक्ती'चे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन मूळचे इंग्लंडचे. अमेरिकेत वेस्लेयन विद्यापीठात ते एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले आणि १९७३ साली माहीमच्या तबलावादक झाकीरभाई हुसेन यांच्यासोबत त्यांनी 'शक्ती' उभी केली. झाकीरभाईंनी पुढे कॅलिफोर्नियात घर केलं, तिथल्या मुलांना तबल्याचे बोल शिकवले. आमच्या श्रीनिवास खळ्यांचे शिष्य शंकर महादेवन नंतर या मैफलीत आले. पन्नास वर्षं आपल्या संगीताची ही कला परमुलखात टिकली, ती अशा दोस्तीच्या जोरावर. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिसला 'धिस मोमेंट'ला ग्रॅमी मिळालं. त्या एकाच रात्री झाकीरभाईंच्या वाट्याला तीन ग्रॅमी आली.

त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरभाई गेले. त्यांच्या दफनाच्या वेळी थोड्या अंतरावर शिवमणी आणि इतर वादकांनी तालवाद्यं वाजवून त्यांना निरोप दिला.

यंदा गणपतीत, आरतीनंतर, आपण सगळे मिळून 'श्रीनीज ड्रीम' ऐकणार आहोत. मृदंग शिकणाऱ्या शेजारच्या कन्नड मुलांनाही बोलावणं धाडलं आहे. ध्वनिवर्धकाची सोय झाली आहे. सतरंज्या तेवढ्या घरून आणाव्यात.