फोटोत न दिसणारं: सहभागी छायाचित्रणाची चिकित्सा

आज आपण ज्या संशोधनपद्धतीची चिकित्सा करणार आहोत, तिला समाजविज्ञानात 'फोटोव्हॉइस' म्हणतात. आपण तिला सहभागी छायाचित्रण म्हणू. कल्पना सोपी आहे. कॅमेरा संशोधकाने वापरायचा नाही, तो गावकऱ्यांच्या हाती द्यायचा. त्यांनी आपल्या जगण्याचे फोटो काढायचे, एकत्र बसून त्यांवर बोलायचं आणि ते बोलणं निर्णय घेणाऱ्यांपर्यंत न्यायचं. कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युनान प्रांतात ६२ ग्रामीण स्त्रियांसोबत हे काम केलं. पुढे १९९७ मध्ये त्यांनी या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. त्यामागे पावलो फ्रेअरी यांच्या शिक्षणविचाराची प्रेरणा होती. आपल्याकडे अर्जुन अप्पादुराई यांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या 'पुकार' संस्थेने वस्त्यांमधल्या तरुणांना आपल्याच वस्तीचे संशोधक केलं. संशोधन हा प्रत्येकाचा हक्क आहे, अशी भूमिका अप्पादुराईंनी २००६ च्या एका निबंधात मांडली.

ही भूमिका मला मान्य आहे. आक्षेप आहे तो या पद्धतीच्या नेहमीच्या समर्थनावर. 'लोकांच्या डोळ्यांनी पाहा' असं म्हटलं जातं, जणू फोटो पाहिला की गाव कळलं.

जालना जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. समजा, बदनापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं आपल्या शेततळ्याचा फोटो काढला. काळं प्लास्टिक, काठोकाठ पाणी. प्रदर्शनात लावला तर यशोगाथाच वाटेल. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, ती पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवण्यासाठी. पण मराठवाड्यात अनेक तळी विहिरीतून, बोअरमधून उपसा करून भरली जातात. म्हणजे जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर येऊन एकाच्या मालकीचं होतं, आणि उन्हानं उडूनही जातं. फोटोत यातलं काय दिसतं? काहीच नाही. शेजारचा माणूस बैठकीत उठून म्हणाला, 'माझी विहीर यंदा लवकर आटली,' तर त्या फोटोचा अर्थच पालटतो.

दुसरा फोटो कुलूप लावलेल्या घराचा. बाहेरच्या माणसाला ते नुसतं बंद घर. गावातल्या बाईला माहीत असतं की हे कुटुंब ऊसतोडीला गेलंय, आणि त्यांच्याबरोबर शाळेतली पोरंही गेलीत.

इथे आपलं तत्त्वज्ञान उपयोगी पडतं. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान कसं होतं, हा तो प्रश्न. त्यांचं उत्तर बघा: घट असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तरच त्याचं न दिसणं हे ज्ञान ठरतं. म्हणजे काय असायला हवं होतं, हे आधी ठाऊक असावं लागतं. गावकऱ्याकडे संशोधकापेक्षा जास्त असतं ते हेच ज्ञान. पाहायला दोघांनाही डोळे आहेत. पण इथे माणसं असायला हवी होती, या विहिरीला या महिन्यात पाणी असायला हवं होतं, हे गावातलाच सांगू शकतो. म्हणून या पद्धतीतलं खरं संशोधन फोटोभोवतीच्या चर्चेत घडतं. अहवालात मात्र पानभर फोटो आणि खाली एक ओळ, एवढंच उरलं तर पुरावा गेला आणि सजावट राहिली.

यातून तीन अटी निघतात. पहिली, फोटोसोबत त्यावर झालेलं बोलणं छापा, मतभेदांसकट. दुसरी, कॅमेरे वाटण्याआधी गावात कोण नाही ते विचारा. ऊसतोडीच्या हंगामात घेतलेली कार्यशाळा म्हणजे गेलेल्यांना वगळून केलेलं गावाचं चित्र. ते परतल्यावर बैठक पुन्हा घ्यायलाच हवी.

तिसरी अट सर्वांत अवघड. शेततळ्याचा मालक गावात वजनदार असू शकतो. त्याच्या पाण्याबद्दल बैठकीत बोलणारा उद्याही त्याच गावात, कदाचित त्याच्याच शेतावर मजुरीला असतो. संशोधक गाडीत बसून पुण्या-मुंबईला निघून जातो. तेव्हा कोणता फोटो बाहेर जाईल, कोणतं नाव झाकायचं, फोटो कोणाकडे राहतील, हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडे हवा, आणि सुरुवातीला घेतलेल्या एका सहीवर हे काम भागत नाही. प्रत्येक फोटोमागे त्याला पुन्हा विचारावं लागतं. त्याने 'नको' म्हटलं तर तो फोटो कितीही बोलका असला तरी बाजूला ठेवायचा. एवढी तयारी नसेल तर कॅमेरे वाटू नयेत. साधी मुलाखत घ्यावी, ती अधिक प्रामाणिक होईल.