इमोजीची तयार यादी उचलण्याआधी

सेंटिमेंट अॅनालिसिसवर प्रोजेक्ट करायचा म्हटलं की आपण सगळ्यात आधी इमोजीची तयार यादी शोधतो. शोधताना हमखास सापडतो तो २०१५ चा ‘प्लॉस वन’मधला पेपर: ‘सेंटिमेंट ऑफ इमोजीज’. आज त्याच्याबद्दल.

आधी काय केलंय ते बघा. १३ युरोपीय भाषांमधली १६ लाखांहून जास्त ट्वीट्स ८३ माणसांनी वाचून त्यांना नकारात्मक, तटस्थ, सकारात्मक अशी लेबलं लावली. त्यातल्या साधारण ४ टक्के ट्वीट्समध्ये इमोजी होते. त्यावरून ७५१ इमोजींना -१ ते +१ मधला गुण मिळाला. काम मेहनतीचं आहे आणि डेटा सर्वांसाठी खुला आहे, हे मान्यच.

पण नीट वाचा: लेबल लागलं ते ट्वीटला. इमोजीचा गुण म्हणजे तो ज्या वाक्यांत आला त्यांची सरासरी. वाक्यं बदलली की गुण बदलणार. 🙏 या यादीत सकारात्मक आहे. आता तुमचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. ‘सुप्रभात 🙏’, ‘भावपूर्ण श्रद्धांजली 🙏’, ‘आता पुरे करा 🙏’. तिन्हीला एकच गुण द्याल?

इथे दोष लेखकांना देऊ नका. आपली यादी युरोपीय भाषांसाठी आहे असं ते स्वतःच सांगतात. प्रत्येक इमोजीची तिन्ही लेबलांतली विभागणीही देतात. ‘युरोपीय’ हा शब्द गाळून फक्त एक आकडा उचलतो तो वापरणारा. म्हणजे आपणच.

तयार क्लीनिंग कोडचंही तसंच. 👨‍👩‍👧 सारखे इमोजी ‘झीरो विड्थ जॉइनर’ या अदृश्य अक्षराने जोडलेले असतात, म्हणून इमोजी काढणारे बरेच कोड तेही पुसतात. पण मराठीत ‘दर्‍या’ हा शब्द अनेकदा तेच अक्षर वापरून टाइप केलेला असतो. ते पुसलं की उरतो ‘दर्या’. डोंगरातल्या दर्‍यांचा समुद्र झाला, आणि प्रोग्रामने एकही एरर दाखवला नाही!

तेव्हा एवढं करा. यादी लावण्याआधी आपल्या डेटातली शंभर वाक्यं स्वतः वाचा, हाताने लेबल लावा आणि यादीशी ताडून बघा. एक दुपार जाईल. पण व्हायवाला ‘हीच यादी का?’ असं विचारलं, तर उत्तर तयार असेल.