कुत्रा, कपाट आणि विभक्तिप्रत्यय

विभक्तीचा तक्ता मी पाचवीत पाठ केला, तोही छडीच्या धाकाने. स-ला-ते, ने-ए-शी, ऊन-हून, चा-ची-चे. या प्रत्ययांच्या पोटात गोष्टी असतात असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसू आलं असतं. ते पटलं चाळिशी उलटल्यावर, एका इटालियन माणसाचं पुस्तक वाचताना. आणि त्या माणसाला मराठीचा गंधही नव्हता.

जान्नी रोदारी हे त्याचं नाव. पुस्तक ‘ग्रामातिका देल्ला फांताझिया’, म्हणजे कल्पनेचं व्याकरण. मूळ पुस्तक १९७३ चं. मी वाचला तो जॅक झाइप्स यांचा १९९६ सालचा इंग्रजी अनुवाद. मार्च १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया या गावात रोदारी पन्नासेक शिक्षकांशी पाच दिवस बोलला, त्या बोलण्यातून हे पुस्तक झालं. त्यामागची टिपणवही मात्र फार जुनी. विशीच्या आतच तो मास्तर झाला होता. जर्मनीतून जीव वाचवून इटलीत आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या मुलांनाही त्याने इटालियन शिकवलं. त्याच सुमाराला जर्मन कवी नोव्हालिसचं एक टिपण त्याच्या वाचनात आलं. तर्काचं जसं शास्त्र आहे तसं कल्पनेचं असायला हवं, अशा आशयाचं. रोदारीने ते मनावर घेतलं. आपण शिक्षक म्हणून सुमारच होतो, असं तो स्वतःच सांगून टाकतो. पुस्तकावर माझा जीव जडला तो इथेच, कारण शिक्षणावरच्या पुस्तकांचे लेखक सहसा इतके वाईट शिक्षक नसतात.

पुस्तकातली सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे शब्दांची जोडगोळी. एका मुलाने फळ्याच्या पुढच्या बाजूला एक शब्द लिहायचा. दुसऱ्याने मागच्या बाजूला, पहिल्याचा न बघता. मग दोन्ही शब्द वर्गासमोर. अट एकच, दोन शब्दांत अंतर हवं. घोडा आणि कुत्रा एकाच गोठ्यातले, त्यांच्यात काही घडत नाही. पण कुत्रा आणि कपाट? रोदारी त्यांच्यामध्ये इटालियन भाषेतली चिमुकली अव्ययं ठेवून बघतो आणि प्रत्येक अव्ययागणिक नवं चित्र उभं राहतं. पुढे तर एक गृहस्थ घरी येऊन कपाट उघडतो, आत कुत्रा. आणि मग घरातल्या कपाटाकपाटांत कुत्रे.

आता हे मराठीत करून बघा. इटालियन अव्यय शब्दाच्या अलीकडे सुटं उभं राहतं, शब्दाला धक्काही लावत नाही. आपला प्रत्यय शब्दाला वाकवल्याशिवाय चिकटतच नाही. ‘कुत्रा’चा ‘कुत्र्या’ होतो, ‘कपाट’चं ‘कपाटा’ होतं आणि मगच काही घडतं. कपाटातला कुत्रा: हा रोदारीचाच. कपाटावरचा कुत्रा: हा बहुधा मांजराला भिणारा. कुत्र्याचं कपाट: आत काय काय असेल, हाडं, पट्टे, कुणाची तरी पळवलेली चप्पल. आणि ‘कपाटाला कुत्रा’? इथे मी अडलो. चतुर्थीच्या ‘ला’ला क्रियापद लागतं. कपाटाला कुत्रा बांधला. कपाटाला कुत्रा चावला. कपाटाला कुत्रा हवा होता. शेवटच्या वाक्यापाशी मी पुस्तक मिटून बसलो. ज्या कपाटाला कुत्रा हवा होता ते कपाट कुणाच्या घरात होतं आणि इतकी वर्षं ते कसं गप्प राहिलं, हे मला कळायलाच हवं होतं. गंमत अशी की ते क्रियापद मी शोधायला गेलो नव्हतो. प्रत्ययाने मागितलं म्हणून आलं. पुस्तकाच्या नावात ‘व्याकरण’ का आहे, ते मला तिथे कळलं.

याउलट ‘मनातलं मोकळेपणाने लिहा’ असं म्हटलं की मुलांची मनं बंद होतात, हा माझा अनुभव. ‘माझा छंद’ या निबंधात आमच्या वर्गातल्या निम्म्यांचा छंद वाचन होता आणि उरलेल्यांचा तिकिटं जमवणं. प्रत्यक्षात एकजण सायकलची चेन उघडून परत बसवण्यात पटाईत होता, दुसऱ्याला गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची वंशावळ तोंडपाठ होती. ते वहीत आलं नाही, कारण वहीत काय चालतं ते आम्हाला पक्कं माहीत होतं. ‘सूर्य उगवला नाही तर’ या विषयाची तीच गत. तसे प्रश्न रोदारीही विचारतो, त्यावर त्याचं एक प्रकरणच आहे. पण समुद्राने अचानक मिलान शहराला वेढलं तर काय होईल, असं तो विचारतो तेव्हा ट्राम कुठवर जातील, मासे कोण पकडेल, इकडे लक्ष वळतं. आमचा सूर्य न उगवल्याने दुसऱ्याच परिच्छेदात ‘विज्ञान शाप की वरदान’ सुरू व्हायचं.

परीकथेचं रोदारी काय करतो, हे मला सगळ्यात रसाळ वाटतं. मुलांना तो पाच शब्द देतो: मुलगी, रान, फुलं, लांडगा, आजी. लाल टोपीवालीची गोष्ट मुलं डोळे मिटून सांगू शकतात. मग सहावा शब्द, हेलिकॉप्टर. पहिले पाच शब्द पायाखालची ओळखीची वाट देतात, सहावा त्या वाटेवर खड्डा खणतो. निव्वळ नवी गोष्ट रचायला सांगितली तर मूल घाबरतं. जुनीच घोकायला सांगितली तर जांभई देतं. इथे त्याला दोन्ही एकदम मिळतं. माझ्या मते हा सहावा शब्द म्हणजेच मुलाच्या खिशातली वस्तू आत येण्याचं दार. हेलिकॉप्टर हवंच असं नाही. ज्याला जे आवडतं ते.

याच युक्तीचं कथारूप रोदारीने दहाएक वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं. १९६२ सालच्या त्याच्या ‘फाव्होले अल तेलेफोनो’ या संग्रहात वारेसे गावचा एक औषधविक्रेता रोज रात्री नऊला आपल्या मुलीला फोनवरून गोष्ट सांगतो. त्या संग्रहात एक आजोबा आहेत. नातीला लाल टोपीवालीची गोष्ट सांगताना ते टोपी पिवळी करतात, मग हिरवी, मग काळी. लांडग्याऐवजी जिराफ भेटवतात. लांडग्याच्या तोंडी आठ सक किती असा प्रश्न घालतात. नात दर वेळी चिडून सुधारते. शेवटी गोष्ट ट्रामचा नंबर, उतरायचा चौक आणि रस्त्यात सापडलेलं नाणं यांवर येते, त्या नाण्याचं च्युइंगगम. नात म्हणते, तुम्हाला गोष्ट सांगताच येत नाही, पण च्युइंगगम द्या. आजोबा नाणं देतात आणि पुन्हा पेपर वाचायला लागतात.

पहिल्या वाचनात वाटतं, आजोबा वेंधळे आहेत किंवा टाळाटाळ करताहेत. दुसऱ्यांदा वाचताना लक्ष नातीकडे जातं. मूळ गोष्ट सांगतं कोण? तीच. आजोबांच्या प्रत्येक चुकीला ती एक बरोबर वाक्य देते आणि त्या वाक्यांची माळ ओवली की लाल टोपीवाली, निदान लांडगा भेटेपर्यंतची, जवळजवळ जशीच्या तशी हाती येते. म्हणजे एकाच पानावर दोन गोष्टी चालू आहेत, आजोबांची उलटी आणि नातीची सुलटी. आणि तो पेपर! रोदारी स्वतः बातमीदार होता. आजोबांनी पेपर बाजूला ठेवला होता की तो सबंध वेळ हातातच होता, हे आपल्यालाच ठरवायला लागतं.

चुकांवर त्याचं प्रेम तसं जुनंच. १९६४ सालचं त्याचं एक सबंध पुस्तक चुकांचंच आहे. इटालियनमध्ये तळ्याला ‘लागो’ म्हणतात. मध्ये एक वरचं चिन्ह पडलं की तोच शब्द ‘सुई’ होतो. मुलाने गार्दाचं तळं लिहिताना ते चिन्ह घातलं आणि गार्दाची सुई झाली. आता लाल पेन्सिल चालवायची, की या प्रचंड सुईचा इतिहास-भूगोल लिहायचा? आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाच्या कृपेने असा खजिना वहीवहीत पडलेला आहे. ‘दशरथाला चार सूत होते’ असं लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा गुण कापताना, चार दोऱ्यांचा तो राजा आपण कचऱ्यात टाकतो. (उकार दुरुस्त करू नये असं मी म्हणत नाही. आधी दोऱ्यांचं काय झालं ते विचारावं, मग करावा.)

पुस्तकात लेनिनच्या आजोबांचाही एक किस्सा आहे. कझानजवळच्या त्यांच्या घरात नातवंडं दाराने बागेत न जाता खिडकीतून उड्या मारत. आजोबा डॉक्टर होते. त्यांनी उड्यांना बंदी घातली नाही, खिडक्यांखाली बाकं ठेवून दिली. परीकथेची वाट ही अशीच खिडकीची, असं रोदारी म्हणतो. मला त्यातली खिडकी आवडते, पण बाक जास्त आवडतं. सहा शब्दांची यादी, फळ्याची मागची बाजू, हीच ती बाकं. उडी मुलाची.

सगळंच इतकं चवदार नाही. शेवटाकडे मानसशास्त्राचे संदर्भ दाटतात आणि रोदारी उगाच कोट-टाय घालून आल्यासारखा वाटतो. प्रॉप या अभ्यासकाने केलेल्या रशियन लोककथांच्या अभ्यासातून बनवलेल्या वीस पत्त्यांचा खेळ मुलांनी खेळावा. त्याचं स्पष्टीकरण मी भराभर चाळलं. आणि दर मंगळवारी तिसऱ्या तासाला ‘जोडगोळी’ लावली, तर महिनाभरात तिचाही ‘माझा छंद’ होईल, ही भीती आहेच.

तरी मी प्रयोग करून पाहिला. माझा भाचा चौथीत आहे आणि त्याला एसटीचं वेड आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते, मुक्कामी कुठे थांबते, हे त्याला आगारातल्या माणसांइतकं ठाऊक. शाळेने ‘तुम्हाला आवडणारी गोष्ट तुमच्या शब्दांत लिहा’ असं दिलं होतं आणि तो रडकुंडीला आला होता. मी कागदावर लिहून दिलं: चिमणी, कावळा, शेण, मेण, पाऊस. आणि खाली, एसटी.

“मामा, एसटी कशी येईल त्यात?”

“मला काय माहीत? एसटीतलं तुला कळतं.”

त्याच्या गोष्टीत कावळ्याचं घर वाहून जातं, चिमणी नेहमीसारखीच दार उघडत नाही. मग कावळा भिजत स्टँडवर जातो. तिथे मुक्कामी गाडी उभी असते. वाहक विचारतो, कुठं जायचं? कावळा म्हणतो, कुठंच नाही, झोपायचंय. वाहक म्हणतो, मग तिकीट लागत नाही, पण पाय पुसून ये. पहाटे गाडी सुटते. पाऊस चालूच. वाटेत मेणाचं घर उन्हाने नाही, पण गाडीच्या दिव्यांनी वितळलेलं असतं (इथे मी गप्प बसलो) आणि चिमणी पिल्लांना घेऊन हात दाखवत उभी असते. वाहक घंटीची दोरी कावळ्याकडे देतो. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. कावळा दोरी ओढतो.

वही तिथे संपली. मी विचारलं, “किती वेळा ओढली?”

“माहीत नाही. बाई म्हणाल्यात दोनशेच शब्द.”