कमानी, काचा आणि दार

जुन्या इमारतींचे जतन म्हणजे अभिजनांचा छंद, असे म्हणून आपल्यातले पुष्कळजण हा विषय झटकून टाकतात. अमेरिकेत मात्र या छंदाच्या आतूनच एक बंड झाले. दलित साहित्याच्या वाचकाने त्याची दखल घ्यावी असे मला वाटते, कारण त्या बंडाची भाषा थेट आपल्या भाषेसारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मोटारी वाढल्या, महामार्गांच्या कडेने उपनगरे वसली. त्यांच्याबरोबर कॉफी शॉप, मोटेल, हॅम्बर्गरची दुकाने, बोलिंगची सभागृहे आली. धावत्या मोटारीतून नजरेत भरावे म्हणून तिरपी छपरे, भिंतभर काचा, निऑनच्या पाट्या. जॉन लॉटनर यांनी १९४९ साली लॉस एंजेलिसमध्ये उभारलेल्या 'गुगीज' या कॉफी शॉपवरून समीक्षक डग्लस हॅस्केल यांनी १९५२ साली या शैलीला 'गुगी' हे नाव दिले, आणि पुढे ते शिवीसारखे वापरले गेले. शिष्ट अभिरुचीने या दुकानांना वास्तू मानलेच नाही. व्हेंच्युरी, स्कॉट ब्राऊन आणि आयझेनूर यांनी १९७२ साली लास व्हेगासवरील पुस्तकात या अभिरुचीला आव्हान दिले. १९८५ साली ॲलन हेस यांनी 'गुगी' हाच शब्द अभिमानाने पुस्तकाच्या माथी घातला. मूळ 'गुगीज' १९८९ साली पाडले गेले; पण डाउनी येथील, दोन पिवळ्या कमानींचे १९५३ सालचे मॅक्डोनाल्ड्स १९९० च्या दशकात पाडण्याच्या बेतातून वाचले.

सामान्यांच्या रोजच्या जगण्यातली वस्तूही इतिहास असते, हा या मंडळींचा दावा. तो मला मान्य आहे. 'हे साहित्यच नव्हे' हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांना 'ही वास्तूच नव्हे' या वाक्यातली मग्रुरी समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न एवढाच, की हे 'सामान्य' कोण? लेव्हिटटाउनच्या भाडेकरारात गोऱ्यांखेरीज कोणी तिथे राहू नये अशी अट होती. काळ्यांना घर न विकण्याचे करार न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तरी १९५७ साली पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाउनमध्ये पहिले काळे कुटुंब राहायला आले तेव्हा घरासमोर जमाव जमला आणि दगड आले. जिथे घर घेता येत नव्हते, तिथले कोपऱ्यावरचे कॉफी शॉप 'सर्वांचे' कसे होईल? गुगीचे चाहते त्या भिंतभर काचांचे कौतुक करतात: आत-बाहेर एक झाले, इमारत मोकळी झाली. ही समीक्षा आत बसून लिहिलेली आहे. ज्याला आत घेत नाहीत त्याला काचेतून सगळे दिसते, एवढाच त्या मोकळेपणाचा अर्थ. दगडी भिंतीने निदान दाखवले तरी नसते.

दक्षिण कॅरोलायनातील ऑरेंजबर्गचे उदाहरण घेऊ. तिथे खरेदीकेंद्रातले 'ऑल स्टार' हे बोलिंगचे सभागृह १९६२ सालचे. शैलीच्या चाहत्याने मान वळवून पाहावे असे त्या बैठ्या इमारतीत फारसे काही नाही. तिथे काळ्यांना खेळू देत नसत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे यांची नावे होती, बोलिंगचे नव्हते. मालकाने तेवढीच पळवाट धरली. फेब्रुवारी १९६८ मध्ये विद्यार्थी दाराशी गेले. ८ तारखेच्या रात्री त्यांच्या महाविद्यालयाच्या आवारात महामार्ग पोलिसांनी गोळीबार केला. तीन तरुण मेले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. नऊ पोलिसांवर खटला चालला, नऊही सुटले. त्याच महिन्यात संघराज्याच्या न्यायालयाने सभागृह सर्वांना खुले करण्याचा हुकूम दिला. आत खाण्याचा काउंटर होता, म्हणून ते कायद्याच्या कक्षेत आले! मेलेल्यांचा हक्क सँडविचच्या आधाराने सिद्ध झाला.

आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांची नावे १९५० पासून आहेत. दुकानाचे दार हा मूलभूत हक्काचा विषय आहे, हे आपण अमेरिकेच्या चौदा वर्षे आधी लिहून ठेवले. वेगळी कपबशी त्यानंतरही गावोगाव टांगलेली राहिली, ही गोष्ट निराळी. आपल्याकडच्या जुन्या हॉटेलांवर गहिवरून लिहिणाऱ्यांनी संगमरवरी टेबलांबरोबर ती कपबशीही मोजायला हवी.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा-नोंदीत वास्तू घटनेमुळे येते, व्यक्तीमुळे येते, रूपामुळे येते किंवा तिच्यापासून मिळू शकणाऱ्या माहितीमुळे येते. गुगी दुकानांची बाजू मुख्यतः रूपावर मांडली जाते, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. छप्पर कोणी आखले, कमान किती उंच, हे टिपणात येते. दारात कोण अडले आणि आत भांडी कोण घासत होते, ते 'सामाजिक पार्श्वभूमी' म्हणून गळते. रूप आणि वापर असे तोडता येत नाहीत. गिऱ्हाइकाला बोलावणारी पाटी हीच मुळी कोणाला बोलवायचे याची निवड असते. या दुकानांचे जतन करू नका असे मी म्हणत नाही. पाडले तर पुरावाच जाईल. टिपण मात्र बदलले पाहिजे.

ते बदलता येते, हे ऑरेंजबर्गनेच दाखवले. वास्तू पन्नास वर्षांची असावी हा संकेत बाजूला ठेवून, १९९६ साली अवघ्या चौतीस वर्षांच्या त्या सभागृहाची नोंद झाली, ती तिथे घडले त्यासाठी. तोवर तिथे खेळ चालूच होता. २००७ साली तो बंद पडला.