चिमूटभर सिद्धत्थक : किसागोतमी-कथेतील शैलीविचार

किसागोतमीची कथा ठाऊक नसलेला बौद्ध वाचक महाराष्ट्रात विरळाच. वर्षावासातील प्रवचनांतून ती वारंवार सांगितली जाते आणि श्रोत्याने ‘मृत्यू अटळ आहे’ एवढे सार घेऊन उठावे, अशी सांगणाऱ्याची अपेक्षा असते. हे सार खोटे नाही. परंतु तेवढेच सांगावयाचे असते, तर एक वाक्य पुरले असते. कथेचे प्रयोजन उरले नसते. धम्मपदट्ठकथेतील पाली पाठ बारकाईने वाचला असता असे आढळते की, भगवान गोतमीला मृत्यूविषयी आरंभी कसलाही उपदेश करीत नाहीत. ती स्वतःच जाणते. हे जाणणे कथाकाराने कोणत्या शैलीविशेषांच्या आधारे घडविले आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कथेचा आरंभ पुष्कळदा गाळला जातो. श्रावस्तीतील एका श्रेष्ठीच्या चाळीस कोटी धनाचे कोळसे होतात. मित्राच्या सल्ल्यावरून तो ते बाजारात मांडून बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना कोळसेच दिसतात. खालावलेल्या घराण्यातील, कृश अंगामुळे ‘किसा’ म्हणून ओळखली जाणारी गोतमी मात्र म्हणते की, इतर लोक वस्त्रे, तेल, मध विकतात. आपण तर सोनेरुपे विकावयास बसला आहात. तिने उचलून हातात देताच कोळशांचे सोने होते आणि श्रेष्ठी तिला सून करून घेतो. हा भाग केवळ चमत्काराचा म्हणून वगळला, तर कथेची मोठी हानी होते. इतरांना दिसते त्याहून वेगळे या मुलीला दिसते, ही तिच्या व्यक्तिरेखेची पहिली रेषा आहे. पुढे तिचे मूल मरते तेव्हा हीच रेषा उलट दिशेने फिरते. लोकांना प्रेत दिसते, तिला आजारी मूल दिसते. पहिल्या वेळी तिची दृष्टी खरी होती. दुसऱ्या वेळी तोच तिचा मोह आहे. या समांतर मांडणीमुळे तिचे वागणे आकस्मिक वाटत नाही. ‘तू वेडी झालीस’ असे लोक तिला म्हणतात. वाचक मात्र तसे म्हणू शकत नाही.

दुसरा विशेष शब्दयोजनेचा आहे. प्रेत कडेवर घेऊन गोतमी घरोघर ‘भेसज्ज’, म्हणजे औषध, मागत फिरते. निवेदक मुलाला ‘मत’ म्हणजे मृत म्हणतो, लोकही म्हणतात. तिच्या तोंडी आपल्या मुलासाठी तो शब्द येत नाही. भगवान तिच्याशी वाद घालीत नाहीत. ज्या घरात मुलगा, मुलगी वा अन्य कोणीही पूर्वी मेलेले नाही, अशा घरातून चिमूटभर सिद्धत्थक, म्हणजे पांढरी मोहरी, आणावयास ते सांगतात. या अटीचा परिणाम असा की, जो शब्द ती टाळीत होती तो तिलाच दारोदार उच्चारावा लागतो. मोहरी आहे का, हा पहिला प्रश्न. या घरात कोणी मेले आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी येते आणि मोहरी हाती पडते. दुसऱ्याच्या उत्तरानंतर, हे माझ्या मुलाचे औषध नव्हे, असे म्हणून ती मोहरी परत करते. घेतलेली मोहरी परत करण्याच्या या लहानशा कृतीत कथेची सारी भाववृत्ती सामावली आहे. तिच्या आक्रोशाचे वर्णन करीत कथाकार थांबत नाही. अखेरीस, माझेच मूल मेले असे मी समजत होते, हा विचार तिच्या मनात येतो आणि ‘मत’ हा शब्द प्रथमच तिच्या मुलाला तिच्याकडून लागतो.

या क्षणी अट्ठकथाकार एक अनपेक्षित शब्द वापरतो. पुत्रस्नेहाने मृदू झालेले तिचे हृदय ‘थद्ध’ झाले, असे तो म्हणतो. थद्ध म्हणजे संस्कृतातील स्तब्ध, ताठर, कठीण. पालीत हा शब्द बहुधा दोष दाखविण्यासाठी येतो. येथे ‘शांत’ म्हणणे सोपे होते आणि मराठी रूपांतरकार तसेच काहीसे म्हणून मोकळे होतो. परंतु प्रेत अरण्यात ठेवून परतणाऱ्या मातेला त्या घटकेस शांती लाभली, असे म्हणण्याची घाई मूळ कथाकार करीत नाही. भगवंतांची गाथा आणि स्रोतापत्तिफल यानंतर येते. हा क्रम बदलला की गोतमी केवळ उपदेशाचे पात्र होते.

आचार्य धम्मपालांच्या थेरीगाथा-अट्ठकथेशी तुलना केली असता शैली आणि व्यक्तिरेखा यांचा संबंध अधिक स्पष्ट होतो. तेथे कोळशांचा प्रसंग नाही. गरीब घरची म्हणून सासरी तिचा अवमान होतो. पुत्रजन्मानंतर मान मिळू लागतो. मुलाला बाहेर टाकतील या भीतीने ती त्याला उचलते, कारण त्याच्याबरोबर तिची प्रतिष्ठाही जाणार असते. धम्मपदट्ठकथेतील गोतमीने मृत्यू कधी पाहिलाच नव्हता. ही गोतमी समाजाला पुरती ओळखून आहे. घटना एकच, परंतु एकीचे दुःख अजाणतेपणाचे आणि दुसरीचे अपमानाच्या स्मृतीचे आहे. सुनेचे सासरचे स्थान पुत्रावर ठरते, हे आपल्याकडेही अपरिचित नाही. म्हणून दुसरा पाठ आज अधिक बोचतो. कलादृष्ट्या मात्र पहिला पाठ अधिक बांधेसूद आहे.

धम्मकथिकांनी व पाठ्यपुस्तकांच्या संपादकांनी या कथेतील उपदेश पुढे ओढू नये, एवढीच अपेक्षा आहे. गोतमीला दारोदार जाऊ द्यावे, प्रश्न विचारू द्यावा आणि मोहरी परत करू द्यावी. शास्त्यांनी तिच्यावर जो विश्वास टाकला, तो आपण श्रोत्यांवरही टाकावयास हरकत नाही.